फक्त बोलण्यापुरते दात

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. कवळीवालीचं पोट मात्र गेली अठ्ठावीस वर्षं दातांवरच भरत आलं होतं, आणि तेही दुसऱ्यांच्या. बाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर तिची एक खोली होती. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाचे तुकडे, स्पिरिटचा दिवा. भिंतीशी खणांचं कपाट, आणि एकेका खणात एकेका छटेचे दात. नुसता पांढरा असा दाताचा रंगच नसतो, असं ती सांगायची. चहावाल्याचा पांढरा वेगळा, तंबाखूवाल्याचा वेगळा, आणि लग्नाच्या फोटोसाठी घाईने कवळी करून घेणाऱ्या आजोबांचा तर मुद्दाम मागवावा लागतो.

कामाची तिची एक रीत होती. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की माप घेण्याआधी ती विचारायची, "खायला काय आवडतं?" नवख्याला वाटायचं, बाई आता काहीतरी आणून देणार. पण तो विचारपूस करण्याचा भाग नव्हता, तो मापाचाच भाग होता. कडक फोडून खाणाऱ्याच्या दाढांना उंच उंचवटे लागतात, मऊ गिळणाऱ्याला बसके चालतात, आणि जो एकाच बाजूने चावतो त्याची ती बाजू जरा भक्कम ठेवावी लागते. माणूस खातो काय ते कळलं की तिला त्याचा जबडा कळायचा आणि जबडा कळला की अर्धा माणूस कळायचा. उरलेला अर्धा जाणून घ्यायची तिला हौस नव्हती.

त्यामुळे त्या दुपारी राखी शालीतली ती उंच बाई जिना चढून आली, "माझ्या भावासाठी कवळी हवी आहे" म्हणाली, आणि नेहमीच्या प्रश्नावर "काही नाही" असं उत्तर दिलं, तेव्हा कवळीवालीने मेणाची सुरी खाली ठेवली.

"काही नाही म्हणजे?"

"काहीच खात नाही तो. पाणीही पीत नाही. बावीस वर्षं झाली. दात हवेत ते फक्त बोलण्यापुरते."

मग तिच्या लक्षात आलं. टेकडीवरच्या घरात राहणाऱ्या त्या माणसाला भक्त 'तपस्वी' म्हणत आणि टवाळ मंडळी 'हवाखाऊ'. खालचा चष्मेवाला म्हणायचा, "हवा खायला आपणही जातो की टेकडीवर. फरक एवढाच, आपण घरी येऊन जेवतो." महिन्यापूर्वी कवळीवालीही या विनोदाला हसली होती. आता हसायची सोय उरली नव्हती. तिचे स्वतःचे बाबा त्या टेकडीच्या नादी लागले होते.

बाबा पाववाले होते. बावन्न वर्षं त्यांनी पहाटे भट्टी पेटवली आणि अर्ध्या गावाच्या न्याहारीची सोय केली. मागच्या वर्षी आई गेली. त्यानंतर त्यांनी भट्टी जुन्या कारागिराच्या हवाली केली आणि खिडकीत बसून राहू लागले. मग कुणीतरी त्यांना टेकडीवर नेलं. परत आले ते वेगळेच होऊन. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं, मग दुपारी नुसतं एक कप दूध. "सगळ्यांची पोटं भरण्यात जन्म गेला," ते शांतपणे म्हणायचे. "आता पोट नसलं की माणसाचं काय उरतं, ते बघायचंय." शेवटी पाणीही सोडायचं, असं त्यांनी तपस्व्यासमोर कबूल केलं होतं, आणि बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कवळीवालीने दातांच्या कण्या केल्या. रडली, भांडली, डॉक्टरला घरी आणलं. डॉक्टर म्हणाला, माणूस शुद्धीवर आहे आणि नको म्हणतो आहे, मी त्यांच्या घशात नळी कोंबू शकत नाही. घरात ती आणि बाबा, दोघंच. ते गेले की ती एकटी. रात्री अंथरुणावर तिला याचीच भीती वाटायची, आणि दिवसा त्या भीतीचा राग यायचा.

"जुनी कवळी आणली आहेत?" तिने विचारलं.

"फुटली. तुकडे टाकून दिले."

हे जरा विचित्र होतं. कवळीचे तुकडे कुणी टाकत नाही. लोक रुमालात बांधून आणतात आणि डिंकाने चिकटतील का म्हणून विचारतात. पण कवळीवालीच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. तपस्व्याच्या तोंडाचं माप घ्यायचं म्हणजे तपस्व्याशी बोलता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन टेकडी चढली. वर धुकं होतं, आणि घर त्या धुक्यात कुणीतरी विसरून गेल्यासारखं उभं होतं. आतली खोली पांढरी, एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीचा पडदा आत-बाहेर होत होता. तपस्वी खाटेवर बसला होता. साठीचा, किरकोळ, मोठ्या कानांचा माणूस. चेहऱ्यावर दिव्य तेज वगैरे काही नव्हतं. असलीच तर नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाची असते तशी मऊ, गोंधळलेली प्रसन्नता होती.

तिने मेण कोमट पाण्यात मऊ केलं आणि त्याच्या तोंडात बसवलं. बावीस वर्षं काही न चावलेल्या हिरड्या लोण्यासारख्या असतील, असा तिचा अंदाज होता. त्या घट्ट निघाल्या. गुलाबी, भक्कम, रोज काम करणाऱ्या. तिचं बोट क्षणभर तिथेच थांबलं. इतक्या वर्षांच्या अनुभवाने एक गोष्ट सांगितली आणि त्या पांढऱ्या खोलीने दुसरी. पडदा आत आला, बाहेर गेला. पहिल्यांदाच तिला वाटलं की असेलही. जगात सगळंच काही आपल्या कपाटातल्या खणांत मावत नाही. आणि असं वाटलं याची तिला मनातून लाजही वाटली.

मेण निघाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना काय आवडतं ते विचारता म्हणे. मला नाही विचारलंत."

"तुम्ही खात नाही ना."

"जागेपणी नाही." तो हसला. "पण रोज पहाटे मी स्वप्नात जेवतो. अगदी रोज. ताईला सांगतो तेव्हा ती रागावते. लहानपणचं घर असतं. मी खाली बसलेला असतो, आणि समोरून एक हात येतो. हातच फक्त. पावाची कड असते कधी, कधी सफरचंदाची फोड. मी चावतो. इतकं गोड लागतं बाई, की उठल्यावर मला अपराध्यासारखं होतं. बावीस वर्षं तप करून ही एक हाव काही जात नाही."

दारात उभी असलेली त्याची बहीण वळून आत निघून गेली.

कवळीवालीने धीर केला. बाबांचं सगळं सांगितलं. "तुम्ही एकदा त्यांना म्हणा ना, की हे सोडा."

"ते पाववाले? छान हात आहेत त्यांचे, मोठे मोठे." तो विचारात पडला. "मी कुणाला सोडा म्हणत नाही."

"मग धरा म्हणा! जेवण धरा म्हणा."

"पण घाबरायचं कशाला? मला कुठे काय झालंय? मग त्यांना का होईल?"

हे त्याने इतक्या सरळपणे म्हटलं की तिला रागावताच येईना. भामटा असता तर तिने त्याला चार शब्दांत सरळ केला असता. पण हा मनापासून बोलत होता, आणि मनापासून बोलणाऱ्या माणसापुढे हात टेकण्याशिवाय करायचं काय!

निघताना तिने बहिणीला नेहमीची सूचना दिली. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची.

"नको," बहीण पटकन म्हणाली. "रात्री तोंडातच राहू दे."

"हिरड्यांना विसावा लागतो ताई. आणि झोपेत बोलायचंय कुणाशी?"

बहिणीने दार लावून घेतलं. धुक्यातून खाली उतरताना कवळीवालीला वाटलं, मोठ्या माणसांच्या घरी असे चमत्कारिक नियम असायचेच.

मग तिने ती कवळी केली, आणि अशी केली की तिची तिलाच नवलाची वाटावी. बोलण्यापुरते दात तिने आयुष्यात कधी केले नव्हते. पुढचे दात पातळ, ओठाला हलके टेकणारे, म्हणजे शब्द स्वच्छ सुटावेत. टाळू कागदासारखी, म्हणजे जिभेला जागा मिळावी. आणि दाढा? त्यांना काम काहीच नव्हतं. तिने त्या घासून सपाट करून टाकल्या, नुसता गालाला आधार. वजनही कमी झालं. काम करताना ती बाबांना विसरली, आपण कुणासाठी करतोय तेही विसरली. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर येई, त्या उन्हात ती कवळी हातात धरली की वाटे, हिला तोंडाचीही गरज नाही, ही स्वतःच बोलेल.

कवळी बसली. तपस्वी बोलू लागला आणि त्याचा शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचू लागला. बाबा त्या दिवशी टेकडीवरून आले ते आनंदाने थरथरत. "काय स्पष्ट बोलतात गं आता! एकेक अक्षर सुटं. तुझ्या हाताला यश आहे, पोरी." आणि त्याच आनंदात त्यांनी दुधाचा कप परत केला. आता फक्त पाणी.

कप धुताना तिच्या मनात आलं, आपल्या हाताला लागलेली आग बरी असल्या यशापेक्षा.

त्यानंतर दिवस कसे गेले ते तिला नीट आठवत नाही. घरात आवाज कमी होत गेला. बाबा हळू चालत, मग भिंत धरून चालत, मग चालेनासे झाले. त्यांच्या बोटांतली अंगठी सैल होऊन अंथरुणात हरवली. ते तक्रार करत नसत. खिडकीतून बाहेर बघत आणि मधूनच म्हणत, "काल भट्टी खूप तापली होती." कुठली भट्टी, कुठला काल. ती शेजारी बसून हो म्हणे. टेकडीवरूनही बातम्या येत होत्या. तपस्वी वाळत चालले आहेत, आवाज खोल गेला आहे, तप आता फळाला येणार, असं भक्त डोळे मोठे करून सांगत. रविवारी बाबा पाणीही सोडणार होते.

शुक्रवारी दुपारी बहीण पुन्हा जिना चढून आली. शाल खांद्यावरून घसरलेली, चेहरा ओढलेला. तिने रुमालातून कवळी काढून टेबलावर ठेवली.

"दाढा बदलून द्या. आधीच्या कवळीला होत्या तशा. धारेच्या."

"का? बोलायला त्रास होतोय?"

"नाही."

"मग दाढा कशाला हव्यात?"

बहिणीने शाल सावरली. खाली चष्मेवाला कुणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता, त्याचा आवाज वर येत होता. कवळीवाली त्या सपाट, बिनकामाच्या, सुंदर दाढांकडे बघत होती. घट्ट हिरड्या. टाकून दिलेले तुकडे. रात्री तोंडातच राहू दे. समोरून येणारा एक हात. या सगळ्या गोष्टी तिच्यासमोर गेले पंधरा दिवस पडून होत्या, आणि गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून तिने त्यावर विश्वास ठेवून, न खाणाऱ्या माणसाचे दात घडवून दिले होते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिने जबड्यापेक्षा माणसाच्या बोलण्यावर भरवसा ठेवला होता.

"तुम्ही त्यांना भरवता," ती म्हणाली. "झोपेत."

बहीण खुर्चीत बसली.

"पहिल्या वर्षी तो मरायला टेकला होता," ती म्हणाली. "अन्न सोडून सतरा दिवस झाले होते, पाणी सोडून तीन. पहाटे ग्लानीत होता. मी सहज पावाचा तुकडा ओठाला लावला, तर चावला त्याने. झोपेतच. सकाळी म्हणाला, ताई, मी स्वप्नात जेवलो, आणि आज मला किती बरं वाटतंय, बघ, तप लागू पडलं. काय सांगणार होते मी? दुसऱ्या दिवशी पुन्हा भरवलं. मग रोज."

"बावीस वर्षं?"

"एकही पहाट चुकलेली नाही. मी कधी परगावी गेले नाही, कधी आजारी पडले नाही. पडायला सवड कुठे होती?"

"दूध का नाही पाजत? पातळ काहीतरी?"

"पातळ दिलं की ठसका लागतो आणि जाग येते. चावायला दिलं की जबडा आपोआप चालतो, आणि चावलेलं गिळलंही जातं. फळांच्या फोडी, भिजवलेला पाव. पाणी त्यातूनच." तिने कवळीकडे बोट केलं. "हिच्याने काही चावलंच जात नाही हो. घास फिरतो आणि बाहेर येतो, रस तेवढा आत उतरतो. अकरा दिवस झाले."

कवळीवालीला आधी काहीच वाटलं नाही. मग एकदम सगळं वाटलं.

"तुमच्या भावाच्या नादाने माझे बाबा मरायला लागलेत! पडून आहेत ते. रविवारी पाणी सोडणार आहेत. तुमच्या भावाला तुम्ही भरवता, माझ्या बाबांना कोण भरवतंय? मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते."

"सांगा," बहीण म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी रोज झोपताना तेच म्हणते, उद्या सांगून टाकीन. पण तो खोटारडा नाही, हीच अडचण आहे. खोटारडा असता तर उघडं पडल्यावर मुकाट्याने जेवायला बसला असता. हा दात आवळून बसेल आणि झोपणारच नाही. आणि तुमचे बाबा? ते काय म्हणतील? की ह्यांना जमलं नाही, मी करून दाखवतो. म्हणतील की नाही?"

म्हणाले असते. बाबांना ती चांगली ओळखून होती.

शेवटी कवळीवालीने दिवा पेटवला आणि दाढांचा खण बाहेर ओढला. दुसरं तिला काही करताही आलं नसतं. एका माणसाच्या तोंडात तिच्या चुकीमुळे घास जात नव्हता, आणि ती चूक दुरुस्त करणं तिच्या हातात होतं. संध्याकाळपर्यंत सपाट दाढा उतरवून तिने नव्या चढवल्या, चांगल्या उंचवट्यांच्या. "बसवायला मीच येईन," ती म्हणाली. "आणि मला बघायचंय."

शनिवारी उजाडायच्या बेताला ती टेकडीवर पोचली. धुकं अजून जमिनीवरच होतं. खोलीत पडद्यातून निळसर उजेड येत होता. तपस्वी झोपला होता आणि झोपेत अगदी लहान दिसत होता. कवळीवालीने श्वास रोखून कवळी त्याच्या तोंडात सरकवली. तो नुसता कण्हला. बहीण खाटेच्या कडेला बसली. बशीत सफरचंदाच्या बोटाएवढ्या फोडी होत्या. तिने एक उचलली, त्याच्या खालच्या ओठाला टेकवली, आणि थांबली.

किती थांबली! कवळीवालीला वाटलं, काही होत नाही. मग ओठ किंचित उघडले, जबडा हलला, आणि त्या शांत खोलीत फोड कचकन तुटल्याचा आवाज आला. नव्या दाढा चालू लागल्या. डावीकडे, मग उजवीकडे. घास गिळला गेला. बहिणीने दुसरी फोड टेकवली, आणि पुन्हा तितकीच थांबली. प्रत्येक घासाला आधी स्पर्श, मग थांबणं. झोप आपल्या वेळेने तोंड उघडते, तिला घाई चालत नाही, हे त्या बाईच्या खांद्यांनासुद्धा पाठ झालं होतं. झोपलेला माणूस हसत होता. कवळीवालीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. इतकी लबाडी आणि इतकी माया एकाच बशीत तिने कधी पाहिली नव्हती.

निघताना बहिणीने तिला तीन गोष्टी सांगितल्या. बोलायचं नाही. ओठाला टेकवून वाट बघायची. आणि घास चावायचा हवा, प्यायचा नाही.

रविवारी बाबांनी पाण्याचा पेला हाताने बाजूला सारला. तिने एक शेवटचा प्रयत्न केला. "बाबा, त्या तपस्व्यांना जे जमतं, ते आपल्याला जमेलच असं नाही. त्यांचं वेगळं असेल काही."

"वेगळं काय असणार? तेही माणूसच." बाबांचे ओठ फुटले होते. "शब्द दिलाय गं मी. एकदा दिल्यावर काय..." वाक्य अर्धंच राहिलं. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात तिला पहिल्यांदा थोडीशी भीती दिसली. पण शब्द दिलेल्या माणसाला भीती दाखवताही येत नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नुसती वाट बघत राहिली. बाबा झोपत नव्हते, डोळे अर्धे उघडे ठेवून पडले होते. सोमवारी दुपारी मात्र गल्ली शांत झाली, समोरच्या भिंतीवरचं ऊन खोलीत आलं, आणि बाबांचे डोळे मिटले. श्वास लांब लांब येऊ लागला.

तिने बाबांच्याच भट्टीतून आणवलेला पाव कापला, कोमट दुधात बुडवला, भिजेल पण लगदा होणार नाही इतकाच. वाटी, चमचा घेऊन ती खाटेच्या कडेला बसली. रोज दहा जणांच्या तोंडात हात घालणारी बाई ती, आणि आज एका माणसाच्या ओठाला चमचा लावताना तिला धाप लागली होती.

पहिला तुकडा तिने ओठाला टेकवला. आणि थांबली.

काही नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल ढकलत नेली. ऊन बोटभर सरकलं. दूध बाबांच्या हनुवटीवरून ओघळलं, ते तिने पदराने टिपलं. मग ओठ हलले. फुटलेले, कोरडे ओठ उघडले, तुकडा आत गेला, आणि बाबांचा जबडा हळूहळू, आठवून आठवून चालू लागला. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली.

दुसरा तुकडा. स्पर्श, थांबणं. या वेळी जरा कमी थांबावं लागलं. तिसरा. ती मनातल्या मनात बाबांना लहान मुलाला सांगतात तसं सांगत होती, खा, खा, शहाणे ना तुम्ही.

मग चौथ्या तुकड्यासाठी तिने मान खाली घातली. तुकडा वाटीच्या तळाशी गेला होता, तो चमच्याने खरवडून वर घ्यावा लागला. चमचा वाटीला घासून वाजला. तिने मान वर केली, तर बाबांनी तोंड उघडलं होतं.

चमचा अजून वाटीतच होता.

ती तशीच बसून राहिली. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण झोपेत मिटतात तसे नव्हते, आवळून मिटलेले होते. पापण्या थरथरत होत्या, आणि एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं. तोंड मात्र उघडं होतं, वाट बघत.

तिला इतका आनंद झाला की त्याचा रागच आला. बाबा, असं ओरडावंसं वाटलं. मला छळलंत, मला मेल्याहून मेल्यासारखं केलंत, आणि आता लबाडी करता! पण हाक मारली असती तर त्यांना डोळे उघडावे लागले असते. डोळे उघडले असते तर शब्द आठवला असता, आणि तोंड मिटलं असतं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, असं सगळे वैतागून म्हणतात. पण त्याला उठवायचं कशाला?

तिने चौथा तुकडा भरवला. मग पाचवा. आता थांबावं लागत नव्हतं. बाबा चावत होते, दोन्ही बाजूंनी, भराभर, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येतच होतं. तिच्याही येत होतं. कुणी कुणाचं पुसलं नाही. एकदा ते पुटपुटले, "मीठ कमी घालतोय हल्ली तो कारागीर," आणि लगेच मोठ्याने घोरल्यासारखं केलं. ते इतकं वाईट घोरणं होतं की रडता रडता तिला हसू फुटायला आलं. तिने पदर तोंडात कोंबला.

वाटी रिकामी झाली. बाबांचं तोंड पुन्हा उघडलं आणि उघडंच राहिलं.

ती उठली. आत अजून अर्धा पाव होता. दारापर्यंत गेल्यावर तिने पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, आवाज न करता, स्वयंपाकघरात गेली. बाबांची झोप मोडता कामा नये.